आजोबांच्या हत्यारपेटीतले शिक्के: बनवणारा कोण, विकणारा कोण, वापरणारा कोण?

औसेकरीण

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातल्या आमच्या गावाकडच्या घराचं माळवद उतरवायचं काम चालू आहे. मागच्या आठवड्यात आतल्या खोलीच्या फडताळामागून आजोबांची हत्यारपेटी निघाली. आजोबा सुतार होते. तिफणी, वखर, गाडीची चाकं, दाराच्या चौकटी, सगळं करायचे. वडील नोकरीला लागले आणि पेटी बंद झाली ती आत्तापर्यंत.

पेटीत एक लोखंडी रंधा आहे, एक लाकडी रंधा, पाच पटाश्या (त्यातली एक गोल), वाकस, करवत, सामता, गिरमिट आणि एक जड पाना. बहुतेक सगळ्यांवर काही ना काही छापलेलं आहे. फोटो टाकलेत, पण गंजामुळे नीट दिसत नाही, म्हणून लिहून सांगते.

लोखंडी रंध्यावर इंग्रजीत 'बेली' आहे. पातं जिथं टेकतं त्या तिरक्या बैठकीच्या मागे तीन तारखा आहेत: २५ मार्च ०२, १९ ऑगस्ट ०२, १९ एप्रिल १०. दोन पटाश्यांवर 'कास्ट स्टील'. करवतीच्या मुठीत पितळी बटण, त्यावर गरुड आणि 'वॉरंटेड सुपीरियर'. पान्यावर 'बी. एल. आर.'. लाकडी रंध्याच्या पुढच्या तोंडावर चंद्रकोर आणि वर एक तारा.

जुन्या वस्तू घेणारे एक गृहस्थ येऊन गेले. रंधा १९०२ चा आहे, पटाश्या 'कास्ट स्टील' नावाच्या कंपनीच्या आहेत आणि चांदतारा हा जर्मन कारखान्याचा मार्का आहे, असं त्यांनी सांगितलं. सगळ्या पेटीला एकच भाव सांगितला. मला विकायची घाई नाही. आजोबांच्या हातात काय होतं हे मला कळायला हवं आहे.

एक वाईट गोष्टही सांगते. चुलतभावानं मदत म्हणून ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून एक पटाशी चकचकीत करून ठेवली. तिच्यावर चार-पाच अक्षरं होती. आता शेवटचं एकच उरलंय.

जुना बाजार

ताई, सगळ्यात आधी तो ग्राइंडर बाजूला ठेवा. बाकी काही केलं नाही तरी चालेल.

मी संभाजीनगरच्या बाजारात पंचवीस वर्षं जुनी हत्यारं शोधतोय. शिक्के गंजानं जात नाहीत, घासण्यानं जातात. गंज अक्षराच्या खड्ड्यात बसून राहतो, कडा तशाच राहतात. तारेचा ब्रश मात्र कडाच खातो.

घासलेट लावून रात्रभर ठेवा. सकाळी पितळी ब्रशनं किंवा जुन्या टूथब्रशनं हलकं घासा, कापडानं पुसा. मग खोलीत अंधार करून मोबाईलची बॅटरी पात्याला जवळजवळ टेकवून आडवी धरा. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. आडव्या उजेडात अक्षराची एक कड चमकते, दुसरी काळी पडते. त्यानंतर पतंगाचा पातळ कागद वर ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. डोळ्याला न दिसलेली अक्षरं कागदावर उठतात. अगदीच पुसट असेल तर बोटानं टाल्कम पावडर चोळून वरची पुसून टाका, खड्ड्यात राहील ती राहील.

जी पटाशी घासली गेली तिच्यावरही हे करून बघा. ठसा मारताना खालचं पोलाद दबलेलं असतं. एखादं अक्षर अजून हाती लागेल.

पूर्णा जंक्शन

पान्यावरचं बी. एल. आर. वाचलं आणि राहवलं नाही. ताई, हे बनवणाऱ्याचं नाव नाही. ही बार्शी लाइट रेल्वे. आपली अडीच फुटी नॅरोगेज. कुर्डुवाडी ते बार्शी १८९७ साली सुरू झाली आणि १९११ साली लातूरला पोचली. १९५४ साली ती सरकारनं घेतली. तेव्हा हा शिक्का त्याआधीचा समजायला हरकत नाही.

रेल्वेच्या हत्यारांवर अशी मालकीची अक्षरं असतात, कारण माल चोरीला जायचा. माझे वडील मीटरगेजला फिटर होते, मीही रेल्वेतच नोकरी केली. आमच्या भागातल्या जुन्या हत्यारांवर एन. जी. एस. आर. सापडतं, म्हणजे निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. १९३० साली निजाम सरकारनं रेल्वे ताब्यात घेतल्यावर मधला 'जी' गेला, नुसतं एन. एस. आर. उरलं. १९५० साली तीही भारतीय रेल्वेत आली. एका अक्षरावरून वीस वर्षांचा फरक कळतो. मनमाडकडून येणाऱ्या हत्यारांवर जी. आय. पी. दिसलं तर ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला.

बनवणाऱ्याचं नाव पान्याच्या दुसऱ्या बाजूला, दांड्याच्या मध्यावर बघा. तोंडाजवळ आकडा असेल तोही सांगा.

औसेकरीण

काका, आकडा आहे. '१/२ डब्ल्यू'. पण तोंड पट्टीनं मोजलं तर साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास भरतंय. अर्धा इंच म्हणजे पावणेतेराच्याही आत. मग आकडा चुकीचा का?

पूर्णा जंक्शन

बरोबर आहे आकडा. डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली आट्यांचं जे माप ठरवलं ते. या पान्यांवर बोल्टच्या दांड्याची जाडी लिहितात, नटाची रुंदी नाही. अर्ध्या इंचाच्या बोल्टला बसणारं नट ०.९२ इंच रुंद, म्हणजे तुमचे साडेतेवीस मिलिमीटर. तुम्ही मोजलंत त्यावरूनच पाना अस्सल व्हिटवर्थचा हे पक्कं झालं.

एकाच तोंडावर ७/१६ डब्ल्यू आणि १/२ बी. एस. एफ. (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन, म्हणजे बारीक आट्यांचं माप) असे दोन आकडे असलेले पानेही मिळतात. बी. एस. एफ. हे माप १९०८ साली आलं, त्यामुळे तसा पाना त्याआधीचा असूच शकत नाही.

रंधेवाला

मी नांदेडला फर्निचरचं काम करतो. वडिलांपासून हीच हत्यारं हातात आहेत.

तो गृहस्थ तुमच्या रंध्याबद्दल चुकलाय. बेली म्हणजे लेनर्ड बेली, रंध्याचं पातं पुढंमागं सरकवायच्या चाकाची रचना त्याची. १८६९ साली अमेरिकेतल्या स्टॅन्ले कंपनीनं त्याचा धंदा घेतला आणि पुढं कितीतरी वर्षं त्याचं नाव ओतीव लोखंडावर ठेवलं. तीन तारखा या पेटंटच्या आहेत, रंधा बनल्याच्या नाहीत. अशा वेळी शेवटची तारीख धरायची. १९१० च्या एप्रिलमधलं पेटंट त्यावर आहे म्हणजे रंधा १९१० च्या आधी बनूच शकत नाही. तीन तारखांचे रंधे साधारण पहिलं महायुद्ध संपेपर्यंतचे.

पातं काढून त्याच्या वरच्या टोकाचा शिक्का वेगळा बघा. पाती झिजतात, बदलतात. बूड १९१५ चं आणि पातं त्यानंतर तीस वर्षांनी घेतलेलं, असं सर्रास असतं. पात्यावर बदामाच्या आकारात 'एस. डब्ल्यू.' असेल तर ते १९२० नंतरचं. कंपनीचे अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या आडनावावरून तो बदाम घेतला होता.

करवतीचं गरुडाचं बटण कोणा एकाचं नाही. कारखाने असली बटणं तयार विकत घेऊन मुठीला लावायचे. डिस्टन या अमेरिकन कंपनीची करवत असती तर बटणावर तसं नाव असतं. त्यातही 'अँड सन' असेल तर १८६५ ते १८७१, 'अँड सन्स' असेल तर त्यानंतरची. तुमच्या करवतीच्या पात्याला पॉलिश पेपर लावू नका. नाव तिथं आम्लानं पुसट उमटवलेलं असतं, ठशासारखं खोल नसतं. दोनदा घासलं की संपलं.

हरभऱ्याचा_घाटा

कास्ट म्हणजे बीड ना दादा? बिडाची पटाशी कशी चालंल? एका ठोक्यात तुकडा पडंल. मला तर ह्या पटाश्याच खोट्या वाटायल्यात.

रंधेवाला

शंका रास्त आहे, मलाही लहानपणी हीच आली होती. बीड म्हणजे कास्ट आयर्न. शिक्क्यात 'आयर्न' नाही, 'स्टील' आहे. हे मुशीत वितळवून ओतलेलं पोलाद. बेंजामिन हंट्समननं इंग्लंडातल्या शेफील्डजवळ १७४० च्या दशकात ही पद्धत बसवली. आधीच्या पोलादात मऊ-कडक थर असायचे, मुशीत वितळल्यावर ते एकजीव व्हायला लागलं आणि धार टिकायला लागली. म्हणून कारखानदार अभिमानानं तो शब्द छापायचे. जसं आजच्या पान्यांवर 'क्रोम व्हॅनेडियम' किंवा 'ड्रॉप फोर्ज्ड' असतं. तो माल कशाचा आहे ते सांगणारा शब्द आहे, कंपनीचं नाव नव्हे.

आणि हे आपल्या लोकांनी मुद्दाम लक्षात ठेवावं: मुशीतलं पोलाद आपल्याकडं त्याच्या कितीतरी आधीपासून होत होतं. नांदेडहून गोदावरी ओलांडून पुढं गेलं की निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम आहे. तिथलं वूट्झ पोलाद पार इराणपर्यंत जायचं, तलवारींसाठी. आपण सगळे निजामाच्या एकाच संस्थानात होतो. त्या लोहारांनी आपला शिक्का मारला नाही म्हणून नाव शेफील्डचं झालं. मला हे फार लागतं.

औसेकरीण ताई, कास्ट स्टीलच्या वर किंवा खाली दुसरी ओळ असणार. पट्टीवर, मुठीच्या खाली जी गोल कडी असते तिच्यापासून दोन बोटं खाली बघा. तीन पानांचं चित्र असेल तर शेफील्डचे मार्पल्स. कांगारू असेल तर रॉबर्ट सॉर्बी. ही चित्रं वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही ओळखू यायची, आणि शेफील्डात चाकू-कात्र्या करणाऱ्यांचे शिक्के नोंदवून ठेवायला १६२४ पासून संघ होता.

हरभऱ्याचा_घाटा

समजलं दादा. आता माझं ऐका. माझ्याकडं ऊस तोडायचा कोयता हाय, त्याच्यावर इंग्रजी अर्धी अक्षरं आणि आकडा हाय. मी दहा वर्षं लोकांना दाखवायलो की हा विलायती कोयता. माळेगावच्या यात्रेत एका घिसाड्याला दाखवला तर त्यानं हातात घिऊन उलटा केला अन् सांगितलं, मालक, हा ट्रकच्या कमानपाट्याचा. पाटा तापवून ठोकला, पाणी दिलं, पन पाट्यावरचा छाप एका बाजूला तसाच राहिला. जुन्या कानशीची सुरी करत्यात तिच्यावर बी कानशीचे दात दिसतात, तसंच.

कोयता झकास हाय. त्यानं तोडलेला ऊस मोजायला बसलो तर दिवस जाईल. फक्त नाव त्याच्या बापाचं नाही, त्याच्या लोखंडाचं हाय.

जुना बाजार

भाऊ, हे फार चांगलं सांगितलंत.

बाजारात घेताना मी एक गोष्ट हमखास बघतो. कारखान्याचा ठसा एका डायनं एका ठोक्यात बसतो. अक्षरं एका रेषेत, अंतर सारखं, पुष्कळदा भोवती चौकट. मालकानं मारलेलं नाव सुट्या अक्षरांच्या पंचनं असतं: एक अक्षर खोल, एक वर उचललेलं, एक कललेलं. लाकडी रंध्याच्या तोंडावर अशी दोन-तीन नावं सापडतात, कारण रंधा हातोहात जातो.

दुसरं म्हणजे शिक्क्याच्या आत गंज बघायचा. भोवती जुना काळपट गंज आणि अक्षराच्या खड्ड्यात स्वच्छ पोलाद असेल तर तो शिक्का परवा मारलेला आहे. मला एकदा असाच 'शेफील्ड' मिळाला होता. दोन हजार रुपये गेले. विकणाऱ्याचं नाव घेत नाही.

तिसरी जात दुकानदाराच्या शिक्क्याची. मुंबईच्या नागदेवी आणि लोहार चाळीतले व्यापारी बाहेरून माल मागवायचे, त्यातले काही आपलं नाव मारून घ्यायचे. तेव्हा नाव दिसलं की लगेच कारखाना शोधत बसू नका. देशाचं नावही कामाचं असतं. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० च्या मधलं, त्यात शंका नाही.

मास्तर मुदखेड

धागा पहिल्यापासून वाचतो आहे. आपल्याकडच्या हत्यारांवर एक लिपी आणखी असते, तिचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

माझ्या घरी एक पहार आहे. तिच्यावर उर्दूत 'सरकार-ए-आली' आणि खाली चार आकडे, १३३८. माझ्या पुतण्यानं मोबाईलवर हिजरी सन काढून १९१९ सांगितलं. पण हैदराबाद सरकारचं दफ्तर फसली, म्हणजे महसुली, सनावर चालायचं. फसलीत ५९० मिळवायचे. म्हणजे १९२८-२९. एकाच आकड्यात नऊ वर्षांचा फरक पडतो. सरकारी शिक्का असेल तर आधी फसली धरून बघावं.

उर्दू आकडे डावीकडून उजवीकडेच वाचतात, अक्षरांसारखे उलटे नाही. सात हा इंग्रजी 'व्ही'सारखा आणि आठ हा उलट्या 'व्ही'सारखा. हत्यार उलटं धरलं की सातचा आठ होतो. त्यामुळे आधी तीन किंवा चारचा आकडा सुलटा आहे का ते बघावं. त्यांना वरच्या अंगाला दाते असतात आणि शेपटी खाली येते.

आता औसेकरीण ताईंना एक विनंती. लाकडी रंध्याच्या तोंडाचा फोटो रंधा बाकावर ठेवून, जसा चालवतात तसा ठेवून काढाल का? तुमच्या फोटोत तो आडवा पडलेला आहे.

औसेकरीण

काढला, टाकलाय. रंधा सुलटा ठेवल्यावर चंद्रकोर पाठीवर झोपलेली दिसते, वाटीसारखी. तारा तिच्या बरोब्बर वर. जवळून पाहिलं तर तो तारा नाही, नुसता एक खोल ठिपका आहे. कडेचं लाकूड चिरलंय म्हणून टोकं आल्यासारखी वाटत होती.

मास्तर मुदखेड

मला तीच शंका होती. ताई, हा चांदतारा नाही. हे उर्दू अक्षर आहे, 'नून'. आपला 'न'. खाली वाटी आणि वर एक नुक्ता. कुणाच्या तरी नावाचं पहिलं अक्षर असावं.

रंधेवाला

मास्तर, हात जोडतो तुम्हाला.

ताई, एक करून बघा. पेटीत गोल पटाशी आहे म्हणालात ना? तिची धार हळूच त्या वाटीत टेकवा. मारू नका, नुसती टेकवा. कारखान्याचा ठसा असेल तर जुळणार नाही. कारागिरानं स्वतः केलेला असेल तर वाटी म्हणजे गोल पटाशीचा एक ठोका आणि नुक्ता म्हणजे खिळ्याचा एक ठोका. आमच्या वडिलांनी आपली खूण अशीच केली होती, सरळ पटाशीचे दोन ठोके, फुलीसारखे.

औसेकरीण

बसली. पटाशीची धार वाटीत अशी बसली की केसभरही जागा उरली नाही. हात थरथरला माझा.

मग सगळी पेटी बाहेर काढून लाकूड असेल तिथं शोधलं. वाकसाच्या दांड्यावर तीच वाटी आणि ठिपका. दोन पटाश्यांच्या मुठींवर आहे, करवतीच्या मुठीच्या आतल्या बाजूला आहे. आणि रंध्याच्या तोंडावर, त्या 'नून'च्या खाली, अगदी बारीक असं देवनागरी 'वि' आहे, सुईनं कोरल्यासारखं. हे आजोबांच्या नावाचं अक्षर. इतके दिवस मला ते लाकडाची रेघ वाटत होतं.

जुना बाजार दादा, पतंगाच्या कागदानं काम केलं. कास्ट स्टीलच्या वर तीन पानं उठली आहेत, म्हणजे मार्पल्स. पान्यावर मागे फक्त 'मेड इन इंग्लंड' आहे, नाव नाही. भावानं घासलेल्या पटाशीवर काही उठलं नाही.

पूर्णा जंक्शन

पान्याचं नाव नसलं तरी वाईट वाटून घेऊ नका. बी. एल. आर. आहे, तो लातूरचा आहे, पुरे झालं. तो पेटीत कसा आला हेही सांगता येईल: रेल्वे जुना माल लिलावात काढायची, आणि लोखंडी आखाच्या गाडीचं मोठं नट फिरवायला सुतार-लोहार असले पाने घ्यायचे.

औसेकरीण

चार दिवस लिहिलं नाही, कारण आत्याकडे धाराशिवला गेले होते. ती पंच्याऐंशीच्या पुढं आहे, पण डोकं लख्ख. रंधा सोबत नेला होता. तिच्या हातात दिला. तिनं तोंडावरून अंगठा फिरवला आणि काहीही न विचारता म्हणाली, "ही उस्तादांची हत्यारं."

आजोबा लहानपणी ज्यांच्याकडे काम शिकले ते गावातलेच मुसलमान सुतार होते. नाव 'न'वरूनच आहे. ते मी इथं लिहीत नाही, त्यांच्या घरचे कुठं असतील कुणास ठाऊक. पोलीस ॲक्शनच्या साली, १९४८ मध्ये, ते बायकापोरांना घेऊन रातोरात हैदराबादकडे गेले. जाताना पेटी आजोबांकडे ठेवायला दिली. आत्या तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती, पेटी आत आणताना दाराला लागलेला ओरखडा तिला आठवतो. पुढं बरीच वर्षं आजोबा ही हत्यारं वापरायचे नाहीत, तेल लावून पुन्हा ठेवायचे. कुणी आलंच तर द्यायची म्हणून. पुष्कळ उशिरा, स्वतःचा रंधा फुटला तेव्हा त्यांनी हा हातात घेतला आणि मग ते बारीक 'वि' केलं.

पेटी विकायची नाही, हे घरात सांगून टाकलंय. भावालाही सगळं वाचून दाखवलं. तो काल स्वतः घासलेट घेऊन बसला होता.

रंधेवाला दादा, एक विचारायचं आहे. लाकडी रंधा फार सुकलाय, तोंडाशी चीर वाढतेय. त्याला जवसाचं तेल लावलं तर चालेल का? शिक्का बुजणार नाही ना?

रंधेवाला

लावा. एकदम भिजवू नका, कापडानं पातळ हात द्या, आठ दिवसांनी पुन्हा एक. पातं आणि पाचर काढून ठेवा. वाटीत आणि नुक्त्यात तेल साचलं तर ते चिकट होऊन घट्ट बसतं, म्हणून लगेच काडीला कापूस गुंडाळून टिपून घ्या. उन्हात ठेवू नका, घरातच भिंतीला टेकवून ठेवा, शिक्क्याचं तोंड वर करून.